खासगी आणि दौलत

आमच्या एका जुन्या वाचक भगिनींनी पत्रातून एक प्रश्न विचारला आहे. त्यांच्या एकोणीस वर्षांच्या चिरंजीवांचा मोबाइल टेबलावर राहिला होता, तो त्यांनी सहज उघडून पाहिला. चिरंजीव संतापले नाहीत, शांतपणे एवढेच म्हणाले, "आई, हा माझा घटनादत्त हक्क आहे." भगिनी विचारतात, घटनेत असे खरोखर कोठे लिहिले आहे काय? आणि असलेच, तर ज्याचे वागणे सरळ आहे त्याला झाकून ठेवायचे तरी काय असते?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर थोडे चमत्कारिक आहे. घटनेत तसे शब्द कोठेही नाहीत, आणि तरीही तो हक्क घटनेत आहे.

शब्द नाहीत ते काही विसरून राहिले म्हणून नव्हे. १९४७ च्या मार्च महिन्यात कन्हैयालाल मुन्शी यांनी मूलभूत हक्कांचा जो मसुदा सादर केला, त्यात घराची अभेद्यता आणि पत्रव्यवहाराची गुप्तता ही दोन्ही कलमे होती. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या निवेदनातही गैरवाजवी झडतीपासून संरक्षण मागितले होते. परंतु अल्लादी कृष्णस्वामी अय्यर आणि बेनेगल नरसिंह राव यांच्यासारख्या जाणत्यांना भय वाटले की अशाने पोलिसांचा तपासच अडून बसेल. कलमे गळाली. पुढे डिसेंबर १९४८ मध्ये मध्यप्रांत-वऱ्हाडचे सभासद काझी सय्यद करीमुद्दीन यांनी झडतीविषयीची दुरुस्ती पुन्हा मांडली. आंबेडकरांनी ती उपयुक्त मानली. तरीही अखेर ती नामंजूर झाली. तेव्हा घटनाकारांनी विचार करूनच हा हक्क वगळला, असे म्हणणाऱ्यांची बाजू अगदीच लंगडी नव्हती. १९५४ साली आठ न्यायमूर्तींच्या पीठाने झडतीच्या एका प्रकरणात जवळजवळ हेच म्हटले.

मग आला खडकसिंग. उत्तर प्रदेशातील या इसमावर १९४१ साली दरोड्याचा आळ आला होता, आणि पुराव्याअभावी तो सुटलाही होता. पण पोलिसांच्या वहीतून त्याचे नाव सुटले नाही. रात्री-अपरात्री शिपाई येत, दार ठोठावीत, त्याला झोपेतून उठवून तो घरात असल्याची खात्री करून घेत. १८ डिसेंबर १९६२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे रात्रीचे दार ठोठावणे घटनाबाह्य ठरविले. मात्र त्याच निकालात बहुमताने असेही सांगितले की खासगीपणाचा हक्क आपल्या घटनेने दिलेला नाही. दाराला कडी मिळाली, पण कडी लावण्याचा हक्क मिळाला नाही! न्या. सुब्बा राव आणि न्या. शहा यांनी वेगळा सूर लावला. ज्याच्या मागे सदैव टेहळणी आहे तो माणूस हिंडता-फिरता असला तरी स्वतंत्र नव्हे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता.

पुढचा प्रसंग आपल्याच मध्य प्रदेशातला. गोविंद नावाच्या इसमाने येथील पोलीस नियमांविरुद्ध अशीच दाद मागितली. मार्च १९७५ मध्ये न्या. मॅथ्यू यांनी निकाल देताना, असा हक्क आहे असे क्षणभर गृहीत धरले. पण तो निरपवाद नव्हे, असे म्हणून नियम कायम ठेवले, आणि जाता जाता सरकारला ते जुनाट नियम सुधारण्याचा इशारा दिला. गोविंदाच्या हाती काही पडले नाही, परंतु त्या 'गृहीत धरण्या'वर पुढील चाळीस वर्षे वकिलांनी आपली घरे बांधली. टेलिफोन चोरून ऐकण्यासंबंधीचा १९९६ चा निकाल त्याच पायावर उभा आहे.

२०१५ साली आधार-पत्रिकेच्या खटल्यात केंद्र सरकारने जुने दोन्ही निकाल पुढे करून, असा मूलभूत हक्कच नाही, अशी भूमिका घेतली, तेव्हा या प्रश्नाचा सोक्षमोक्ष लावणे भाग पडले. मूळ अर्जदार होते कर्नाटक उच्च न्यायालयाचे निवृत्त न्यायमूर्ती पुट्टस्वामी. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमुखाने सांगितले की जीविताचा व व्यक्तिस्वातंत्र्याचा जो हक्क अनुच्छेद २१ ने दिला आहे, त्याच्या पोटातच हा हक्क आहे. त्या नवांत नागपूरचे न्या. बोबडे होते, जबलपूरला वकिली केलेले न्या. सप्रे होते, आणि न्या. धनंजय चंद्रचूड होते, ज्यांनी आपल्या वडिलांनी आणीबाणीत दिलेला जबलपूर खटल्यातील निकाल त्याच दिवशी मोडीत काढला. तीर्थरूपांचा निकाल चिरंजीवांनी खोडणे ही गोष्ट आमच्या भगिनींना कदाचित फारशी रुचणार नाही.

आता दुसरा प्रश्न. आमच्या मते सगळा घोटाळा 'गोपनीयता' या शब्दाने केला आहे. गोपन म्हटले की लपविणे आले, आणि लपविणे म्हटले की संशय आला. वास्तविक गोपनीयतेची शपथ घेतात ते मंत्री! प्रजेजवळ असते ती खासगी, आणि हा शब्द आम्हां इंदूरकरांना कोणी शिकवावयास नको. १७३४ साली पेशव्यांनी गौतमाबाई होळकरांना खासगी जहागीर दिली, तीच पुढे अहिल्याबाईंकडे आली. राज्याची ती दौलत आणि राणीची ती खासगी. दोहोंचे हिशेब निराळे. खासगीत लपविण्यासारखे काय होते? तिच्यातून झालेले घाट आणि देवळे साऱ्या हिंदुस्थानाने पाहिली. फक्त दौलतीने तेथे हात घालावयाचा नाही, एवढाच त्या शब्दाचा अर्थ.

आमच्या थोरल्या काकू पुण्याकडून लग्न होऊन इंदुरास आल्या. माहेरचे पत्र आले की ते आधी माजघरात वडीलधाऱ्यांकडे जाई, फोडले जाई, वाचले जाई, आणि मग काकूंच्या हाती पडे. कोणाच्या मनात काही वाईट नव्हते. तशी रीतच होती. काकूंनी कधी तक्रार केली नाही. त्यांनी भावाला एवढेच कळविले की यापुढे पाकिटे नकोत, पोस्टकार्डेच पाठवीत जा. फोडलेले पाकीट हाती घेण्यापेक्षा मुळात फोडण्याजोगे काही नसलेलेच बरे, असे त्या आम्हाला पुष्कळ वर्षांनी म्हणाल्या. त्या कार्डांत क्षेमकुशलाखेरीज काही नसे. त्यांच्या वडिलांच्या अखेरच्या दुखण्याची खरी हकीकत त्यांना फार उशिरा कळली, कारण उघड्या कार्डावर ती कोणी लिहिली नाही.

न्यायालये मात्र घराच्या उंबरठ्याशी अडखळतात. नवऱ्याकडे नांदावयास न जाणाऱ्या रखमाबाईंना १८८७ साली मुंबईच्या न्यायालयाने तुरुंगाची भीती घातली होती. तसाच नांदावयास पाठविण्याचा हुकूम हिंदू विवाह कायद्यात राहिला, आणि १९८३ साली हैदराबादेत न्या. चौधरी यांनी तो स्त्रीच्या खासगीपणावर घाला आहे म्हणून रद्द ठरविला. वर्षभरात सर्वोच्च न्यायालयाने दुसऱ्या प्रकरणात तो पुन्हा वैध ठरविला. जुलै २०२५ मध्ये त्याच न्यायालयाने, पतीपत्नींपैकी एकाने दुसऱ्याचे बोलणे चोरून ध्वनिमुद्रित केले तरी वैवाहिक खटल्यात ते पुरावा म्हणून चालेल, असे म्हटले. पाळत ठेवण्यापर्यंत मजल गेली म्हणजे संसार आधीच मोडला आहे, हा त्यामागचा एक विचार. तो खरा असेलही. परंतु अशा निकालानंतर किती चांगल्या संसारांत उशीखाली यंत्र ठेवले जाईल, याची चिंता आम्हाला वाटते.

तेव्हा भगिनींनी निश्चिंत असावे. चिरंजीवांचा हक्क आहे तो मुख्यतः सरकारविरुद्ध. आणि २०२३ चा माहिती-संरक्षणाचा कायदाही घरगुती कारणाने हाताळलेल्या माहितीला लागू होत नाही. मोबाइल पाहिल्याबद्दल त्यांना कोणी कोर्टात ओढणार नाही. पण चिरंजीव आता मोबाइल टेबलावर ठेवतात की खिशात, हे त्यांनी पत्रात लिहिलेले नाही.