कर्णा आणि कान

जुना ग्रामोफोन घेणाऱ्या माणसाविरुद्ध माझी तक्रार एकच आहे : तो डोळ्यांनी खरेदी करतो. आंबा घेताना देठाशी नाक नेणारा, माठ घेताना बोटाने वाजवून पाहणारा हा हिशेबी गृहस्थ मुंबईच्या चोरबाजारात पितळी कर्णा चकाकताना दिसला की एकदम संस्थानिक होतो. दुकानदार सांगतो, "साहेब, राजवाड्यातला माल. 1902 सालचा!" पुरावा काय? तर पेटीवरचं कुत्रं.

अहो, कुत्रं चिकटवता येतं! खुद्द त्या कंपनीच्या तबकड्यांवरही ते 1909 साली आलं; त्याआधी तिथे लेखणी घेऊन बसलेला देवदूत होता. आणि जुने कर्णे काही सगळे पितळेचे नव्हते, कितीतरी साध्या रंगवलेल्या पत्र्याचे होते. पण पत्र्याला कोण विचारतो?

"शोभेला म्हणून घेतला, तर बिघडलं कुठे?" असं आमचे एक स्नेही विचारतात. बिघडतं ते असं. पेटी नवी करता येते, कर्णा नवा ठोकता येतो. पण चावी दिल्यावर फिरायला जुनं यंत्रच लागतं. ते बरेचदा येतं बॅगेसारख्या मिटणाऱ्या पोर्टेबल फोनोच्या पोटातून. एचएमव्हीचं 1931 साली निघालेलं 102 नंबरचं मॉडेल घ्या. दिसायला विमा एजंटाच्या पेटीसारखं, पण गळा खणखणीत. त्याचा कर्णा आत दडलेला, म्हणून त्याला गिऱ्हाईक नाही. मग काढा त्याचं काळीज आणि बसवा तोतयाच्या छातीत! महाभारतात कर्णाची कवचकुंडलं गेली. इथे कर्ण्यापायी दुसऱ्याची जातात. ज्यावर बालगंधर्वांची पदं ऐकायची, ते यंत्र मारून आपण दिवाणखान्यात पितळ मांडतो.

तेव्हा आधी वरची फळी उचलून आतलं यंत्र पाहू द्या म्हणावं. दुकानदार नाही म्हणाला, तर नमस्कार करून निघावं. आत जुनाट यंत्र आणि भोवती कोरं लाकूड दिसलं, तर लग्न दुसरं आहे हे ओळखावं. मग तबकडीखाली कागदाचा कपटा खोचून पंधरा सेकंद फेरे मोजावेत. साडेएकोणीस भरले, म्हणजे मिनिटाला 78 झाले. दहा इंची तबकडीची एक बाजू, सुमारे तीन मिनिटं, पूर्ण चावीवर न रडता वाजली पाहिजे. सुई मात्र नवी घालावी. पोलादी सुई एका बाजूपुरतीच. तिथे काटकसर केली की तबकडी खरवडली जाते.

आवाज चिरका निघाला, तर साउंडबॉक्समधलं रबर कडक झालेलं असेल. ते बदलता येतं, तेवढे पैसे कापून घ्यावेत. पण साउंडबॉक्सची ओतीव खोळच फुगून तडकली असेल, तर किंमत चांगलीच उतरवावी. राजवाड्याच्या कथेचे पैसे वेगळे देऊ नयेत. कथा आपल्याकडेही पुष्कळ असतात.

एवढं करून एखादा रंग उडालेला पण गाणारा पोर्टेबल हाती लागला, तर खुशाल घ्यावा. पाहुणे विचारतीलच, "याला कर्णा नाही?"

सांगावं, "नाही. पण आम्हाला कान आहेत."