खून झाला म्हणून उरलेली रात्र

२१ डिसेंबर १९०९. नाशिकच्या विजयानंद नाट्यगृहात त्या रात्री किर्लोस्कर नाटक मंडळींचा 'संगीत शारदा'चा प्रयोग होता. जिल्ह्याचे कलेक्टर जॅक्सन बढतीवर मुंबईला निघाले होते आणि हा प्रयोग त्यांच्या निरोपाचा होता. जॅक्सन म्हणजे संस्कृत जाणणारे, लोकांच्या चालीरीती आणि समजुती टिपून ठेवणारे गृहस्थ. लोक त्यांना पंडित जॅक्सन म्हणत. साहेब नाट्यगृहात आले आणि अनंत लक्ष्मण कान्हेरे या अठराच्या घरातल्या तरुणाने त्यांच्यावर पिस्तुलाच्या गोळ्या झाडल्या. कान्हेरे जागीच पकडले गेले. १९ एप्रिल १९१० रोजी ठाण्याच्या तुरुंगात ते, कृष्णाजी गोपाळ कर्वे आणि विनायक नारायण देशपांडे असे तिघेजण फासावर गेले.

बँकेतून निवृत्त झाल्यावर एक रहस्यकादंबरी लिहायची, जुन्या नाटक कंपन्यांच्या जगात घडणारी, असे माझ्या मनात फार दिवसांपासून होते. बाबुराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळापहाड पाठ्यपुस्तकात लपवून वाचणाऱ्यांपैकी मी. नाट्यगृह, दिव्यांचा झगमगाट, आणि ऐन गर्दीत खून! याहून चांगला मालमसाला कुठला? मोठ्या उत्साहाने मी घरात ही हकीकत सांगितली. माझी नात आठवीत आहे. तिने शांतपणे विचारले, "आबा, खून कोणी केला ते तर सगळ्यांनी पाहिलं. मग शोधायचं काय?"

प्रश्न रास्त होता. खरा तपास दुसऱ्या दिवसापासून सुरू झाला. जिल्ह्याच्या ठिकाणच्या एका कोवळ्या पोराच्या हातात विलायती ब्राउनिंग पिस्तूल आले कुठून? धागा थेट लंडनपर्यंत गेला. तिथल्या इंडिया हाउसमधला स्वयंपाकी चतुर्भुज अमीन १९०९ च्या सुरुवातीला मुंबईला आला, तेव्हा त्याच्या पेटीच्या खोट्या तळात २० ब्राउनिंग पिस्तुले होती. ती पाठवली होती विनायक दामोदर सावरकरांनी. त्याच वर्षी त्यांचे थोरले बंधू बाबाराव यांना काही कविता छापल्याबद्दल जन्मठेप काळ्या पाण्याची शिक्षा झाली, आणि तो खटला जॅक्सन यांच्याच हातून पुढे गेला होता. अमीन पुढे माफीचा साक्षीदार झाला. मार्च १९१० मध्ये लंडनला सावरकरांना अटक झाली, आणि जानेवारी १९११ मध्ये जॅक्सन वधाला साहाय्य केल्याबद्दल त्यांना दुसरी जन्मठेप सुनावली गेली. माझ्या नातीला पेटीचा खोटा तळ फार आवडला.

मला मात्र त्या कागदांत फिरताना वेगळीच गोष्ट खुपू लागली. बँकेत ३५ वर्षे काढलेल्या माणसाची नजर आधी व्हाउचरवर जाते. ही एक रात्र आपल्याला इतकी नीट ठाऊक आहे, ती कशामुळे? तारीख, नाट्यगृह, नाटक, कंपनी, कोण आले, कोणाला धरले, हत्यार कुठून आले, हे सारे लिहिले गेले ते खून झाला म्हणून. कोर्टाला पुरावा लागतो, म्हणून कागद झाले. तो प्रयोग नुसता छान रंगला असता तर जाहिरातीच्या दोन ओळींपलीकडे त्याच्यासाठी कोणी शाई खर्च केली असती?

आणि आणखी एक ध्यानात आले. आपल्या रंगभूमीच्या जगातला सर्वांत चिकाटीचा गुप्तहेर कोण, तर सरकार. बंगालमध्ये निळीच्या मळेवाल्यांचा जुलूम दाखवणारे 'नीलदर्पण' आणि पुढे कलकत्त्याच्या रंगमंचावर झालेली सरकारी टिंगल यांनी बेचैन होऊन इंग्रजांनी १८७६ मध्ये नाट्यप्रयोगांचा कायदा केला. तेव्हापासून नाटक ही पोलिसांनीही पाहायची आणि वाचायची गोष्ट झाली. १९०७ मध्ये कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांचे 'कीचकवध' रंगमंचावर आले. कथा महाभारतातली, विराटाच्या राजवाड्यातली. इंग्रजांचे नावसुद्धा नाही. पण कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, द्रौपदी म्हणजे पारतंत्र्यातली भारतमाता, थांबा थांबा म्हणणारा युधिष्ठिर म्हणजे मवाळ आणि गदा उचलणारा भीम म्हणजे जहाल, हे पिटातल्या प्रेक्षकालाही कोणी समजावून सांगावे लागले नाही. सरकारलाही नाही. १९१० मध्ये नाटकावर बंदी आली. त्याच वर्षी व्हॅलेंटाइन चिरोल या इंग्रज पत्रकाराने हिंदुस्थानातील असंतोषावर पुस्तक लिहिले. पुढे टिळकांनी ज्याच्यावर लंडनला अब्रुनुकसानीचा दावा लावला, तोच हा चिरोल. त्याने 'कीचकवधा'चे वर्णन बारकाईने केले आहे. एखादा रसिक समीक्षक लाजावा इतक्या बारकाईने.

म्हणजे संशयाने जे जपले, ते प्रेमाला जपता आले नाही. आपण नाटकवेडे म्हणून मिरवतो. ५ नोव्हेंबर हा मराठी रंगभूमी दिन साजरा करतो, कारण १८४३ मध्ये विष्णुदास भाव्यांनी सांगलीला 'सीतास्वयंवर' केले. त्या खेळात पदे सूत्रधार म्हणे आणि पात्रे त्या पदांच्या अनुषंगाने आयत्या वेळी सुचेल ते बोलत. पदे मागे उरली. सोंगे घेतलेल्या माणसांच्या तोंडचे शब्द त्या रात्रीच हवेत गेले. जोतिबा फुल्यांनी १८५५ मध्ये 'तृतीय रत्न' लिहिले. शिक्षणापासून तोडलेल्या शेतकरी जोडप्याचे ते नाटक दक्षिणा प्राइज कमिटीने नाकारले, आणि छापील रूपात ते लोकांसमोर आले १९७९ मध्ये. १२४ वर्षांनी! कोणी तरी ते कागद फेकले नाहीत, म्हणून आज आपण ते वाचू शकतो. रंगभूमीच्या इतिहासातले हे रहस्य मला जॅक्सन प्रकरणाहून मोठे वाटते. त्यात पिस्तूल नाही, एवढेच.

आता आपल्या भंडारा जिल्ह्याकडे या. दिवाळी सरली, धान कापून झाले, की गावोगाव मंडई भरते. भाऊबीजेला आलेल्या लेकी-जावयांनी घरे भरलेली असतात. दिवसा मंडई, रात्री दंडार नाही तर नाटक. पुढे शंकरपट भरले की पटाच्या निमित्ताने पुन्हा नाटके. रात्री दहाला पडदा उघडतो आणि प्रेक्षक पहाटे घोंगडी झटकत घरी जातात. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली हा सगळा झाडीपट्टीचा पसारा. वैनगंगेकाठच्या वडसा गावात नाटक कंपन्यांची कार्यालये ओळीने आहेत. सरकारी अनुदानाची वाट न पाहता, तिकिटावर, हजारो माणसांसमोर हंगामभर चालणारी ही रंगभूमी आहे. २०२३ मध्ये झाडीपट्टीचे ज्येष्ठ कलावंत परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा आमच्या भागात पेढे वाटले गेले.

पण पन्नास वर्षांपूर्वी तुमच्या गावच्या मंडईत कोणते नाटक झाले, द्रौपदीचे काम कोणी केले, तिकीट किती होते, हे सांगा पाहू! इथे कोणाचा खून झाला नाही. त्यामुळे पंचनामाही नाही.

इथवर लिहिले ते इतरांबद्दल. आता माझा स्वतःचा गुन्हा कबूल करतो.

१९८९ साली मी लाखांदूरकडच्या एका शाखेत होतो. नुकताच अधिकारी झालेला, नियमांचे पुस्तक उशाला घेऊन झोपणारा. एक दिवस पन्नाशीचे एक गृहस्थ सायकलच्या कॅरिअरवर पत्र्याची पेटी बांधून आले. नाटक कंपनी चालवत. पडदे आणि जनरेटर यांसाठी त्यांना कर्ज हवे होते. मी उत्पन्नाचा पुरावा मागितला. त्यांनी पेटी टेबलावर ठेवून उघडली.

"हे पाहून घ्या ना जी साहेब. वीस वर्साचा हिसाब आहे. एक पन प्रयोग सुटला नाही."

आत दोऱ्याने बांधलेली पाम्प्लेटे होती, गुलाबी आणि पिवळ्या कागदाची. शाळेच्या वह्या होत्या. प्रत्येक पानावर गाव, तिथी, नाटकाचे नाव, इसार किती, बाकी किती, कोणाला किती नाइट दिली. समासात बारीक अक्षरात नोंदी: पाऊस आला, तिसऱ्या अंकात बंद. नायिका आजारी, नागपूरहून दुसरी आणली. धान गेले, गावाने अर्धेच दिले. मी दोन-चार पाने उलटली. मग म्हणालो, "भाऊ, हे कागद कामाचे नाहीत. सातबारा आणा, दोन जामीनदार आणा." त्यांनी वह्या पुन्हा तशाच दोऱ्याने बांधल्या, पेटी उचलली आणि "बरं जी साहेब" म्हणून गेले. ते पुन्हा आले नाहीत.

नियमाप्रमाणे मी चुकलो नव्हतो. पण ती पेटी माझ्या डोक्यातून गेली नाही. कादंबरीच्या निमित्ताने २०२२ मध्ये मी त्यांच्या गावी गेलो. ते गृहस्थ जाऊन काही वर्षे झाली होती. मुलाने चहा दिला. पेटीबद्दल विचारले तेव्हा तो म्हणाला, "होती ना जी. घर बांधलं तवा कागदं रद्दीत देल्ले. बाबाच सांगत होते, बँकेच्या साहेबानं म्हटलं का हे कामाचे नाहीत म्हनून." त्याला मी कोण हे ठाऊक नव्हते. चहा संपवून मी उठलो. सांगायचे धैर्य झाले नाही, ते आज इथे करतो आहे.

वीस वर्षांच्या त्या वह्यांत एका मुलखाचा इतिहास होता. पीक बुडाले की नाटकाची बाकी बुडते, हे कुठल्या सरकारी अहवालात सापडेल? नागपूरहून रात्रीच्या रात्री एसटीने येऊन अनोळखी गावात नायिका उभी करणाऱ्या त्या बाईचे नाव कुठे मिळेल? त्या पेटीला खोटा तळ नव्हता. सगळे वरच लिहिलेले होते, आणि मी ते परत बांधायला लावले.

काही जण म्हणतात, आता मोबाइल आहे, सगळे रेकॉर्ड होते. होते खरे. पण गाव, तारीख आणि कलावंतांची नावे नसलेला व्हिडिओ म्हणजे सही नसलेले व्हाउचर. दहा वर्षांनी तो कशाचा, हे पाठवणाऱ्यालाही सांगता येणार नाही. फोन बदलला की तोही गेला.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. १९६७ च्या ग्रंथालय कायद्याच्या आधाराने गावोगाव अनुदानित वाचनालये उभी राहिली. त्या प्रत्येक वाचनालयात एक कपाट नाटकासाठी ठेवता येईल. गावच्या नाट्यमंडळाने दर प्रयोगाचे एक पाम्प्लेट आणि खर्चाच्या हिशेबाची एक प्रत तिथे द्यावी. महाविद्यालयांच्या मराठी विभागांनी हिवाळ्यात चार मुले गावात पाठवावीत, जुन्या दंडारवाल्यांना त्यांच्या परवानगीने बोलते करावे आणि ऐकलेले त्याच रात्री तारखेसह लिहून काढावे. आणि वाचकहो, तुमच्या घरी माळ्यावर आजोबांची नाटकाची वही, नक्कल केलेली भूमिका, चेहऱ्याला रंग लावलेला एखादा फोटो असेल, तर घर बांधताना रद्दीवाल्याला हाक मारण्यापूर्वी एकदा ती पेटी उघडून पाहा. कोणी साहेबाने ते कागद कामाचे नाहीत म्हटले असेल, तर तो साहेब चुकला होता असे समजा.

कादंबरी अजून अर्ध्यावर आहे. पण गेल्या मंडईत मी नातीला घेऊन नाटकाला गेलो. पहाटे घरी आल्यावर पाम्प्लेटच्या पाठीवर लिहायला बसलो: गाव, तारीख, तिकीट, कोण कोण होते, दुसऱ्या अंकात वीज गेली आणि ऑर्गनवाल्याने अंधारातच पद पुरे केले. नात डोळे चोळत म्हणाली, "आबा, इथे कोणाचा खून झाला की काय?"

"नाही झाला," मी म्हणालो, "म्हणूनच लिहून ठेवतो आहे."

तिने माझ्या हातातून पेन घेतला आणि खाली एक ओळ वाढवली: थंडी खूप होती, आबा दोनदा झोपले.