दोस्ती म्हंजे काय?

कुडपणच्या डोंगरातून महाडला शिकायला उतरणाऱ्या पोरापोरींनो, जगण्याचा अर्थ पुस्तकाला काय इचारता? चवदार तळ्याला इचारा. २५ डिसेंबर १९२७. महाडातच मनुस्मृती जाळायचा ठराव मांडला सहस्रबुद्ध्यांनी. जन्मानं बामण, पण बाबासाहेबांच्या बाजूला उभे. ती दोस्ती! तुमची कसली? एका कपातला च्या, खांद्यावर हात, आन् लग्नाचं नाव काढलं की, "घरचे ऐकणार नाहीत." जात मोडायचा खरा इलाज आंतरजातीय लग्न, हे बाबासाहेबांनी १९३६ सालीच लिहून ठेवलं. २०१४ साली खर्ड्यात सतरा वर्षांच्या नितीन आगेला मारलं. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच संशय. साक्षीदार उलटले, २०१७ साली आरोपी सुटले. साक्षीला उभी ऱ्हात न्हाई ती दोस्ती कसली? घर सोडवत नसंल तर प्रेमाचं नाव घेऊ नका.