१७५ मध्ये आपण नाहीच!

परवा ऑफिसच्या कॅन्टीनमध्ये अमेरिकेच्या निवडणुकीवर चर्चा रंगली होती. पेनसिल्व्हानियाला इलेक्टर किती, टेक्सासला किती, सगळ्यांना तोंडपाठ. (क्लायंटच तिकडचे, दुसरं काय!) तेवढ्यात टीम लीडनं मला गाठलं. 'तू कन्नडची ना? राष्ट्रपती निवडताना तुमच्या आमदाराचं एक मत कितीचं धरतात?'

आता आली का पंचाईत!

वीकेंडला घरी गेल्यावर बाबांना विचारलं. पेपरमधून डोकं वर न काढता ते म्हणाले, 'एकशे पंच्याहत्तर. त्यात मी आहे, तू नाहीस.'

मग पेपरच्या समासात हिशेब मांडला. महाराष्ट्राची लोकसंख्या ५,०४,१२,२३५. तिला २८८ आमदारांनी भागायचं, आलेल्या उत्तराला पुन्हा १००० नं. आले १७५. म्हटलं, 'बाबा, पाच कोटी? २०११ लाच आपण सव्वाअकरा कोटी होतो!' तर म्हणे, हा आकडा १९७१ च्या जनगणनेचा. १९७६ साली ४२ वी घटनादुरुस्ती करून तो गोठवला, कारण कुटुंबनियोजन नीट करणाऱ्या राज्यांचं वजन घटू नये. २००० पर्यंतची मुदत पुढे वाढवली, आणि आता २०२६ नंतरच्या पहिल्या जनगणनेचे आकडे प्रसिद्ध होईपर्यंत १९७१ च चालणार.

म्हणजे तुम्ही, मी, आपलं अख्खं ऑफिस, त्या हिशेबात जन्मलेलोच नाही! कारण मात्र पटतं. २०११ चे आकडे घातले तर आपल्या आमदाराचं मत ३९० चं होतं, उत्तर प्रदेशचं २०८ वरून ४९६ वर उडी मारतं आणि केरळचं १५२ वरून जेमतेम २३९. शहाण्यासारखं वागलेल्या केरळनं मग काय घोडं मारलं?

अमेरिकेनंही सुरुवातीला थोडा असाच घाट घातला होता. इलेक्टर कसे नेमायचे ते प्रत्येक राज्याच्या विधिमंडळानं ठरवायचं. काही विधिमंडळांनी ते स्वतःच निवडले. १७८९ च्या पहिल्याच निवडणुकीत न्यूयॉर्कच्या दोन सभागृहांचं इतकं बिनसलं की राज्याचा एकही इलेक्टर नेमला गेला नाही. आणि वॉशिंग्टननी शपथ कुठे घेतली? न्यूयॉर्क शहरात! साउथ कॅरोलिनाचं विधिमंडळ तर १८६० पर्यंत लोकांना न विचारता इलेक्टर निवडत होतं. आता तिकडे ते काम मतदारांकडे आहे. आपल्याकडे आमदार स्वतःच इलेक्टर. फक्त निवडून आलेले. विधान परिषदवाले नाहीत. गुलाबी मतपत्रिका, गुप्त मतदान आणि पक्षाला व्हिप काढता येत नाही.

व्हिप नसला की काय होतं, ते बाबांना २००७ मुळे पाठ आहे. आमचा औट्रम घाट उतरलं की जळगाव जिल्हा, आणि प्रतिभाताई पाटील तिथल्या. शिवसेना तेव्हा एनडीएत, एनडीएचा पाठिंबा शेखावतांना, तरी सेनेनं मराठी बाईंना मत दिलं. 'घाटाखालच्या बाई राष्ट्रपती झाल्या,' हे बाबा आजही असं सांगतात, जणू १७५ पैकी एक मत त्यांनीच टाकलं.

आणि आम्ही? आमदार निवडताना रस्ता बघतो, पाणी बघतो, जात बघतो (बघतोच, उगाच साळसूदपणा नको). हा माणूस आपल्या नावानं राष्ट्रपतीही निवडणार आहे, हे मतदानाच्या रांगेत मला एकदाही सुचलेलं नाही.

'पुढच्या जनगणनेत मी पुण्यात मोजली जाणार की कन्नडला?' मी विचारलं.

'राहतेस तिथे. पण राज्य एकच, बेरीज एकच. सगळ्या आमदारांचं मत सारखंच.' मग त्यांना बंगळुरूला नोकरी करणारा दादा आठवला. 'तो मात्र कर्नाटकाच्या खात्यात जाईल.'

आई आतून म्हणाली, 'जाऊ दे की. कन्नडचाच आहे, कन्नडांत खपून जाईल!'