तगर म्हणजे आपलं तेर

"जळकोट? म्हणजे लातूरकडचा? तिकडं रेल्वेनं पाणी आणलं होतं ना?" पुण्यात नोकरीला लागल्यापासून हे मी कितीदा ऐकलंय. २०१६ला मिरजेहून पाणी आलं, हे खरंच आहे. पण मराठवाडा म्हणजे तेवढंच, हे मीही मुकाट मान्य केलं होतं. अलेक्झांड्रियाचं दीपगृह शाळेत पाठ केलं. शेजारच्या जिल्ह्यातलं तेर मात्र फक्त गोरोबाकाकांचं गाव म्हणून ठाऊक.

इसवी सनाच्या पहिल्या शतकात इजिप्तमधल्या एका ग्रीकभाषक व्यापाऱ्यानं 'पेरिप्लस' लिहिलं. त्यात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर 'तगर' हे मोठं शहर आहे. तिथलं साधं कापड, मलमल गाड्यांत भरून, धड रस्ता नसलेल्या मुलखातून भडोचला जायचं. भडोचचा माल पुढं जहाजानं तांबड्या समुद्रात, मग उंटांवरून नाईलकाठी आणि नदीतून अलेक्झांड्रियाला. तगर म्हणजे तेर, हे फ्लीटनं १९०१मध्ये मांडलं. १९३८ला पाँपेईत सापडलेल्या हस्तिदंती मूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती तेरच्या लामतुरे संग्रहालयात आहे.

आता यावरून 'आम्ही तेव्हाच ग्लोबल होतो' असा फॉरवर्ड बनवू नका. त्या व्यापाऱ्यानं तगरच्या राजाचं कौतुक केलेलं नाही, त्यानं कापड नोंदवलंय. अलेक्झांड्रियासारखं बंदर नुसत्या समुद्रावर मोठं होत नाही. मागच्या मुलखात कुणीतरी सूत काततं, विणतं, गाडी हाकतं, म्हणून ते चालतं. त्या मागच्या मुलखात आपण होतो.

"जुनं उकरून पोट भरतं का?" असं कुणी विचारेल. नाही भरत. पण स्वतःला काय म्हणवून घेतो, त्यावर आपण काय मागतो हे ठरतं. मागास म्हटलं की टँकर आणि पॅकेज मागायचं. कारागिरांचा मुलूख म्हटलं, तर विचारावं लागतं की समुद्र नसताना, रस्ता नसताना इथून तयार कापड जायचं, मग आज आपल्या शिवारातला कापूस कच्चाच का जातो? आणि इंजिनिअर झालेली पोरं त्याच्या मागोमाग का जातात? त्यातलाच एक मी आहे, त्यामुळे हा प्रश्न मलाही टाळता येत नाही.

दिवाळीला गावाकडं जाताना एकदा वाट वाकडी करून तेरला उतरा. आणि पुढच्या वेळी कुणी पाण्याच्या रेल्वेचं विचारलं, तर नुसतं हसून सोडू नका.