लाड दाण्याचे, गरज चाऱ्याची

बकरी ईद जवळ आली की चाकण-आळंदी भागातल्या आमच्या वस्त्यांत बाजारातून आणलेल्या बोकडाचे भारी लाड सुरू होतात. मुले त्याला गहू, चपाती, पाव, बिस्किटे चारतात. आळंदीत दर्शनाला आलेला भाविकही श्रद्धेने गाईपुढे पोळी, भात ठेवतो. नियत दोन्हीकडे नेक आहे, पण पोट नियतीवर चालत नाही.

गाय, शेळी ही रवंथ करणारी जनावरे. कडबा, गवत, झाडपाला चघळताना भरपूर लाळ सुटते आणि ती पोटातले आम्ल आटोक्यात ठेवते. दाणा किंवा शिळे अन्न एकदम जास्त गेले की ते झपाट्याने आंबते, आम्ल वाढते, रवंथ थांबतो. जनावर आडवे पडते, कधी दगावतेही.

माणसाला कडबा पचत नाही, पण चोथा त्यालाही लागतो. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांना दिवसाला किमान 25 ग्रॅम तंतू सांगते. 100 ग्रॅम ज्वारीत ते सुमारे 10 ग्रॅम असतात, मैद्यात जेमतेम 3. तरी आमच्या इफ्तारीत समोसे आणि पाव, कारखान्यातून पाळी संपवून निघालेल्याच्या हातात वडापाव, आणि घरी कणीक चाळून कोंडा बाहेर.

कुर्बानीचे जनावर निरोगी हवे, ही शरियतची अट आहे. तोवर ते आपल्याकडे अमानत आहे. त्याला आधी चारा द्या, दाणा थोडा आणि हळूहळू वाढवा. भाविकांनीही पोळीऐवजी चाऱ्याची पेंढी द्यावी. आणि आपल्या दस्तरख्वानावर ज्वारीची भाकरी परत येऊ द्यावी.