सूर्याची पत कोण ठरवणार?

मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथे रात्रीचे आकाश तांबडे झाले. सूर्यावरील एका अवाढव्य डागसमूहातून उसळलेले वादळ पृथ्वीवर येऊन थडकले होते. गेल्या दोन दशकांतले ते सर्वांत प्रबळ चुंबकीय वादळ. त्याआधी जानेवारीतच आपले ‘आदित्य एल-१’ पंधरा लाख किलोमीटरवर जाऊन सूर्यासमोर ठाण मांडून बसले होते. त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या ‘आयुका’च्या पुढाकाराने घडलेली. अभिमान वाटावा अशीच ही गोष्ट. परंतु अभिमानाचा भर ओसरल्यावर एक प्रश्न उरतोच : ज्याच्या भरवशावर आपला सारा संसार चालला आहे, तो सूर्य मुळात कितपत भरवशाचा?

डिसेंबर २०२४ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एक निष्कर्ष प्रसिद्ध झाला. ‘केप्लर’ या अवकाश दुर्बिणीने पाहिलेल्या छप्पन हजारांवर सूर्यसदृश ताऱ्यांचा हिशेब मांडला, तेव्हा अशा ताऱ्यावर सरासरीने शतकातून एकदा महाज्वाला उसळते असे दिसले. सूर्यावर आजवर मोजलेल्या ज्वालांहून तिची ऊर्जा कितीतरी अधिक. १९८९ च्या मार्चमध्ये सौरवादळामुळे कॅनडातील क्वेबेक प्रांतात साठ लाख लोक नऊ तास विजेविना राहिले होते, हे ध्यानात घेतले म्हणजे या वार्तेचे गांभीर्य कळते.

याच नियतकालिकात २०२० मध्ये आलेला दुसरा निष्कर्षही तितकाच विचारात पाडणारा. तापमान, वय, परिवलनकाल या बाबतींत सूर्याशी जुळणाऱ्या ३६९ ताऱ्यांच्या तेजातील चढउतार सूर्याच्या सरासरी पाचपट निघाला. म्हणजे आपला सूर्य स्वभावतःच शांत, की सध्यापुरता शांत? उत्तर देता येत नाही, कारण केप्लरने हे तारे पाहिले ते चारच वर्षे, आणि सूर्यावरील डागांचे एक आवर्तन सुमारे अकरा वर्षांचे! चार महिन्यांच्या उलाढालीवरून कर्जदाराची पत ठरवू नये, हे बँकेत उमेदवारी करणाऱ्यालाही ठाऊक असते. मी तर त्या खात्यांतच हयात घालवली.

ताऱ्यावरचा डाग दिसतो कसा? बहुतेक ताऱ्यांच्या बाबतीत तो दिसत नाहीच. मोठ्या दुर्बिणीतही ते बिंदूच राहतात. पण तारा स्वतःभोवती फिरतो. डागाळलेली बाजू आपल्याकडे वळली की तेज उतरते, पलीकडे गेली की चढते. सूर्याची ही घट हजारात दोन-तीन भागांपलीकडे जात नाही. काही रूपविकारी ताऱ्यांवर मात्र डाग एवढे विस्तीर्ण, की तेज शेकडा दहा-वीसने घटते. हे बहुधा जोडतारे असतात. परस्परांच्या ओढीने ते वेगाने फिरत राहतात, वेगामुळे त्यांचे चुंबकत्व बळावते, आणि चुंबकत्वातून डाग निपजतात. सूर्यावर जे अल्प प्रमाणात घडते, ते येथे ठळक अक्षरांत वाचता येते.

वृषभ राशीतील एचआर १०९९ हा असाच एक, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारा. तामिळनाडूत कवलूर येथे भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांनी त्याचे तेज १९८० च्या दशकात अवघ्या ३४ सेंटिमीटर व्यासाच्या दुर्बिणीने मोजले. रीत साधी : आधी शेजारचा स्थिर तारा, मग हा, पुन्हा तो स्थिर तारा. धूळ आणि दमटपणा दोघांनाही सारखेच छळतात, म्हणून दोघांतला फरक तेवढा खरा धरायचा. रात्रभराच्या खटपटीतून आलेखावर जेमतेम एक ठिपका पडतो. ताऱ्याची फेरी २.८४ दिवसांची, त्यामुळे तीन रात्रींनंतरचा ठिपका पहिल्याच्या किंचित पुढे पडतो आणि तीनेक आठवड्यांत आलेख भरतो. पुढच्या हिवाळ्यात पाहावे तर त्याचा आकार बदललेला. जुने डाग विरलेले, नवे उगवलेले.

हे काम महाकाय दुर्बिणीचे नव्हे. तिच्या एकेका रात्रीसाठी रांग लागते. एका ताऱ्याला दहा वर्षे कोण देणार? ते लहान दुर्बिणीचे आणि चिकट माणसाचे काम आहे. बंगालमध्ये जेसोरच्या कोषागारात नोकरी करणाऱ्या राधागोविंद चंद्र यांनी रूपविकारी ताऱ्यांच्या ३७ हजारांहून अधिक नोंदी केल्या. १९२६ मध्ये अमेरिकेतील निरीक्षक संघाने त्यांना सहा इंची दुर्बीण पाठवली, ती या चिकाटीकडे पाहूनच.

आणि आपल्याकडे? २२ जानेवारी १८९८ चे खग्रास सूर्यग्रहण पाहायला अमेरिकेच्या लिक वेधशाळेचे कॅम्बेल आपल्याच जिल्ह्यातील जेऊरला आले होते. पुण्याच्या महाराजा तख्तसिंगजी वेधशाळेचे कावसजी नायगामवाला यांनीही तेथेच तळ ठोकला होता. १९१२ मध्ये नायगामवाला निवृत्त झाले आणि त्यांच्यामागोमाग वेधशाळाच बंद झाली. साहित्य कोडाईकनालला गेले. माणूस उठला, खाते मिटले! उलट कोडाईकनालला १९०४ पासून रोज सूर्याचे छायाचित्र घेण्याचा परिपाठ राहिला, म्हणून शतकाहून मोठा दस्तऐवज आज जगाच्या उपयोगी पडतो.

सोलापूर पर्जन्यछायेतले. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेने २०१७ ते २०१९ या काळात ढगांवर बीजारोपणाचे प्रयोग केले ते येथेच. शेतकऱ्याला जाचणारे हे कोरडे आकाश वेध घेणाऱ्याला मात्र सोयीचे. एचआर १०९९ नेमका पावसाळा सरल्यावर संध्याकाळच्या आकाशात येतो. एखाद्या महाविद्यालयाने बारा-चौदा इंची दुर्बीण व एक कॅमेरा घेऊन एकाच ताऱ्याचे खाते पंधरा वर्षे चालवायचे मनावर घेतले, तर ते अशक्य नाही. अडचण पैशापेक्षा सातत्याची, आणि दिव्यांची. पेंच अभयारण्याला २०२४ मध्ये ‘काळोख्या आकाशा’ची मान्यता मिळाली, तिथे दिवे जमिनीकडे वळवले गेले. तेवढे आपल्या नगरपालिकांनाही जमावे.

उद्घाटनाची फीत कापायला मंत्री मिळतात. आठशेव्या रात्री नोंद करायला विद्यार्थी लागतो, आणि तो शिकून बाहेर पडल्यावर त्याची जागा घेणारा दुसरा. अनुदानाच्या अर्जात या दुसऱ्याची तरतूद आहे का, एवढेच आधी विचारावे.